राखीव गोलकीपर

अश्वजित गजभिये गोलकीपर झाला तो आईमुळे, आणि आईला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तो सहा वर्षांचा असताना ड्रेस्डेनच्या एका आईस हॉकी क्लबात लहान मुलांची भरती निघाली. वर्गातली अर्धी पोरं चालली होती म्हणून हाही हट्टाला पेटला. विभावरी त्याला घेऊन त्या गारढोण हॉलमध्ये गेली. बर्फावर आपटणारी पोरं तिनं थोडा वेळ पाहिली आणि ट्रेनरला एकच प्रश्न विचारला: यांच्यात सगळ्यात जास्त कपडे कोणाला घालतात? ट्रेनरनं गोलकडे बोट दाखवलं. तिथं एक मुलगा गादीत गुंडाळल्यासारखा उभा होता. "मग आमच्या मुलाला तेच द्या," विभावरी म्हणाली. कुठलीच आई आपणहून मुलाला गोलमध्ये उभं करत नाही. ट्रेनरची लॉटरीच लागली.

त्यानंतर तेरा वर्षं अश्वजित गोलमध्ये उभा राहिला. पुढं पुढं चांगला उभा राहायला लागला. आबिटुअर, म्हणजे तिथली बारावी, झाली आणि त्याच क्लबच्या मोठ्या संघानं, जो देशातल्या दुसऱ्या लीगमध्ये खेळत होता, त्याच्याशी करार केला. बाप धम्मपाल तिथल्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. धुळीचा कण चालत नाही अशा खोलीत दिवस काढणारा, अतिशय मोजकं बोलणारा माणूस. पण त्या संध्याकाळी त्यानं नागपूरला एकामागून एक फोन लावले आणि "अशू प्रोफेशनल झाला" असं सगळ्यांना कळवलं. काहींनी ते "प्रोफेसर झाला" असं ऐकलं. धम्मपालनं ते दुरुस्त करायची फारशी घाई केली नाही.

करारात एक बारीक गोष्ट होती, ती मात्र फोनवर कोणी सांगितली नाही. अश्वजितला घेतलं होतं ते दुसरा गोलकीपर म्हणून. पहिला होता टॉर्स्टन, वय अडतीस, दाढी छातीपर्यंत, गुडघे दोन्ही शिवलेले. तो कधी आजारी पडत नसे आणि कधी मॅच सोडत नसे. मैदानात एका वेळी एकच गोलकीपर असतो. दुसऱ्यानं तोच सगळा जामानिमा चढवायचा, सुरुवातीला थोडा सराव करायचा आणि मग डोक्यावर टोपी घालून बाकाच्या टोकाला बसायचं. बाक आणि बर्फ यांच्यामध्ये एक लहानसं दार असतं. आईस हॉकीत खेळाडू मिनिटा-मिनिटाला बदलतात. दमलेला आत येतो, ताजा बाहेर जातो. ते दार उघडायचं आणि लावायचं काम दुसऱ्या गोलकीपरकडे.

अश्वजितचं त्यात बरं चाललं होतं. दार तो वेळेवर उघडायचा. खेळाडूंच्या पाठीवर थाप मारायचा, पाण्याच्या बाटल्या द्यायचा. संघात सगळ्यांचा लाडका होता. विभावरी तर कृतकृत्य होती. मुलाला नोकरी आहे, बसून आहे आणि कोणी त्याच्या अंगावर काही फेकत नाही. ती काम करायची त्या कीटामधल्या, म्हणजे पाळणाघरातल्या, सहकारी बायकांना ती सांगायची, "आमचा अशू मॅनेजमेंटच्या साईडला आहे."

२०१४च्या नोव्हेंबरात नागपूरहून तिचा मोठा भाऊ आला. भास्कर मेश्राम, वीज मंडळातून निवृत्त, तिथल्या इंदोरा वस्तीतल्या कबड्डी मंडळाचे वीस वर्षं अध्यक्ष. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. परदेशात पहिल्यांदाच येत होते आणि त्यांच्या सामानात कपड्यांपेक्षा मसाले जास्त होते. विमानतळावर भाच्याला मिठी मारून त्यांनी त्याच्या दंडाला चिमटा काढून पाहिला. "होय नं बाप्पा, पहिलवान आहे," ते म्हणाले. "मी मंडळात सांगून आलो का फोटो पाठवीन. गोल अडवताना."

अश्वजित आईकडे बघायला लागला. आई बॅगा मोजायला लागली.

येत्या शुक्रवारी घरच्या मैदानावर मॅच होती. भास्करमामा दोन स्वेटर, एक मफलर आणि मोबाईल घेऊन भाच्याच्या संघाच्या बाकासमोरच बसले. संघ बर्फावर उतरला. मुखवटा घातलेला गोलकीपर गोलसमोर जाऊन उभा राहिला, तसे मामा फोटो काढायला लागले. चांगले चाळीसेक काढले. मग धम्मपालनं त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "दादा, तो टॉर्स्टन आहे."

"अन् आपला कुठं आहे?"

धम्मपालनं बाकाच्या टोकाकडे हात केला. तिथं अश्वजित दार उघडत होता.

मामांनी मोबाईल खिशात ठेवला आणि पुढचे दोन तास त्या दाराकडेच पाहिलं. घरी जेवताना मात्र त्यांनी ताटावरून नजर वर केली.

"अशू, तू तिथं नेमकं काय करून राहिला?"

अश्वजितला मराठी सगळं कळायचं, पण पेचात सापडला की उत्तर जर्मनमध्ये यायचं. त्यानं बरंच लांबलचक काहीतरी सांगितलं.

"काय म्हणते हा?"

"तो राखीव गोलकीपर आहे दादा," विभावरी म्हणाली. "पहिल्याला काही झालं तर हा."

"राखीव," मामा म्हणाले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "जन्मभर ऑफिसात लोकांनी मला राखीव, राखीव म्हणून ऐकवलं. पण खुर्चीत बसून काम मीच करत होतो. तू साता समुद्रापार येऊन राखीव झाला, अन् काम दरवानाचं?"

धम्मपालला हसू आवरेना. त्यानं पाण्याचा ग्लास तोंडाला लावला. अश्वजित जर्मनमध्ये "आल्झो", म्हणजे "तर मग", एवढं म्हणाला आणि त्यानं आणखी भात घेतला.

त्या दिवसापासून मामांनी त्याचं नाव दरवान ठेवलं. घराचं दार उघडायला तो उठला की मामा म्हणायचे, "बघा, सराव सुटत नाही त्याचा." ट्राम आली की म्हणायचे, "इथं दार आपोआप उघडते. तुझी नोकरी धोक्यात आहे." अश्वजित हसायचा. तो चिडत नव्हता, आणि मामांना नेमकं तेच खटकत होतं. कबड्डीत बाहेर बसवलेलं पोर कसं धुमसत असतं, ते त्यांनी वीस वर्षं पाहिलं होतं. हा धुमसत नव्हता. हा मजेत होता.

दिवसा मामा शहर हिंडायचे. सोमवारी संध्याकाळी तेवढं गावात जायचं नाही, असं धम्मपालनं बजावलं होतं.

"काहून?"

"मोर्चा असतो."

"भाऊजी, माझी अर्धी जिंदगी मोर्चात गेली."

"हा आपला नाही दादा. हा आपण इथं नको म्हणणाऱ्यांचा आहे."

मामांनी ते ऐकून घेतलं. सोमवारी ते घरी बसून लसूण सोलायचे.

तीन मॅचेस झाल्या, तिन्हीत टॉर्स्टन उभा. तिसरीनंतर मामा कोणाला न सांगता खेळाडूंच्या दाराशी गेले. हातात संत्रा बर्फीचा डबा होता. वीज मंडळात साहेबाशी भांडायला पुरेल इतकं इंग्रजी त्यांना येत होतं. ट्रेनर होल्गर बाहेर आला तसं त्यांनी त्याला गाठलं आणि विचारलं, माझा भाचा कधी खेळणार. मागून ओले केस पुसत अश्वजित आला, त्यानं हे दृश्य पाहिलं आणि परत आत गेला.

होल्गर सभ्य माणूस होता. तो म्हणाला, टॉर्स्टन उत्तम खेळतोय, मुलगा शिकतोय, धीर धरावा लागतो. त्यानं एक बर्फी खाल्ली. तेवढ्यात टॉर्स्टन आला, त्यानं चार खाल्ल्या. मग त्यानं विचारलं, तुमच्याकडे तिखटही असतं ना? मला तिखट फार आवडतं.

मामांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "कम होम," ते म्हणाले. "थर्सडे."

गुरुवारी मामांनी सावजी मटण केलं. दुपारपासून घरात मिरचीच्या फोडणीचा असा खाट उठला की वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ लेमान खाली येऊन सगळं ठीक आहे ना असं विचारून गेल्या. विभावरीनं जर्मन पाहुण्यासाठी वेगळं, कमी तिखट काढून ठेवलं होतं. टॉर्स्टननं ते चाखलं आणि म्हणाला, हे मुलांचं आहे, मला मोठ्यांचं द्या. मामांनी मोठ्यांचं दिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, दाढीपर्यंत आलं. मामांनी हळूच विचारलं, "इनफ?" अडतीस वर्षांच्या, दोन्ही गुडघे शिवलेल्या माणसाला "पुरे का" असं विचारू नये. टॉर्स्टननं ताट पुढं केलं. तीनदा केलं. जाताना त्यानं मामांना मिठी मारली आणि त्याला त्या मिठीतून नीट सरळ व्हायला जरा वेळ लागला.

शुक्रवारी दुपारी अश्वजितचा फोन वाजला. तो स्वयंपाकघरात उभ्या-उभ्या ऐकत होता. "या," म्हणाला, म्हणजे जर्मनमध्ये हो. "या. या." मग फोन ठेवला. मुलाचा चेहरा पांढरा पडलेला पाहून विभावरीनं गॅस बंद केला.

"काय झालं?"

"टॉर्स्टनला उलट्या होतायत," अश्वजित म्हणाला. घाबरला होता तरी मराठीत म्हणाला. "आज मी खेळायचं आहे."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय पाहून राहिले?" मामा म्हणाले. "आपण चौघांनीही तेच खाल्लं."

"दादा, तू मुद्दाम केलंस?"

"विभा, मी त्याला तीनदा विचारलं, पुरे का. तू साक्षीला होती."

अश्वजित खुर्चीवर बसला. पोटावर हात ठेवला. म्हणाला, "माझंही पोट दुखतंय. मलाही कदाचित तेच झालंय. मी होल्गरला सांगतो." शेवटचं वाक्य जर्मनमध्ये होतं.

विभावरी लगेच म्हणाली, "हो, सांग. कशाला उगाच."

मामांना जर्मन येत नव्हतं, पण हात कुठं ठेवलाय ते दिसत होतं. ते भाच्यासमोर खुर्ची ओढून बसले. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती.

"काल तुझ्या ताटात मी वाढलं. तू दोन चमचे रस्सा घेतला अन् दह्याची वाटी संपवली. तुझ्या पोटात मटण नाही. भीती आहे."

अश्वजितनं पोटावरचा हात काढला.

"असू दे भीती," मामा म्हणाले. "पण पोटाचं सांगायचं तर तू त्या होल्गरला सांग. मला नको सांगू. अन् मटणाच्या नावावर नको सांगू."

धम्मपाल दारात उभा होता. तो गाडीची किल्ली घेऊन आला होता. "मी खाली थांबतो," एवढंच म्हणाला. पाच-सात मिनिटांनी अश्वजित खाली आला, खांद्यावर ती प्रचंड बॅग होती.

हॉल भरलेला होता. बवेरियातला संघ आला होता, गुणतक्त्यात वरचा. गोलकीपरचं नाव पुकारलं तेव्हा निवेदकाला "गजभिये" जमेना. त्यानं दोनदा प्रयत्न करून शेवटी नुसतं "आमचा अश्वजित" असं म्हणून टाकलं. बाकाच्या टोकाला ज्युनियर संघातला एक सतरा वर्षांचा मुलगा टोपी घालून बसवला होता.

तिसऱ्याच मिनिटाला लांबून एक साधा फटका आला. समोर चार माणसं आडवी होती, अश्वजितला पक, ती खेळायची रबरी चकती, दिसलीच नाही. ती त्याच्या दोन पायांमधून आत गेली. सगळ्या हॉलनं एकदम सुस्कारा सोडला. विभावरीनं डोळ्यांवर हात ठेवले ते ठेवलेच. थोड्या वेळानं दुसरा गोल झाला. मामा धम्मपालला म्हणाले, "भाऊजी, मी चुकलो काय?" धम्मपालनं मफलर इतकी पिरगाळली होती की तिची दोरी झाली होती.

मग एक पोरगा एकटाच पक घेऊन धावत आला. समोर फक्त अश्वजित. या वेळी विचार करायला वेळच नव्हता. तो पुढं सरकला, खाली बसला, डावा पाय लांब टाकला आणि पक त्याच्या पायाच्या टोकाला लागून वर जाळीत उडाली. पायाला चांगलाच झटका बसला असणार, कारण तो तसाच क्षणभर बर्फावर राहिला. उठला तेव्हा त्यानं मुखवटा वर करून पाणी प्यायलं. मामांना त्याचा चेहरा दिसला. हा दार उघडणारा मुलगा नव्हता.

त्यानंतर त्यानं किती अडवले ते कोणी मोजलं नाही. छातीवर घेतले, कोपरावर घेतले, एक तर पाठीवर पडून घेतला. आणखी एकच आत गेला, आणि आपल्या संघानं तीन गोल केले. शेवटी तीन-तीन अशी बरोबरी झाली आणि पेनल्टीवर निकाल आला. अश्वजितनं दोन अडवल्या. तिसऱ्या वेळी समोरचा खेळाडू उजवीकडे झुकला, हाही झुकला आणि त्यानं सावकाश डावीकडून पक आत ढकलली. मॅच गेली.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. होल्गरनं येऊन त्याच्या डोक्यावर थाप मारली आणि "ठीक होतं" म्हणाला. ड्रेस्डेनच्या सॅक्सनी प्रांतात याहून मोठी स्तुती नसते. घरच्यांनी आनंदानं त्याला घेरलं, पण अश्वजित भयंकर चिडलेला होता. गाडीत बसल्यापासून तो बोलत सुटला. अर्धं मराठी, अर्धं जर्मन. तो झुकला तेव्हा त्याची काठी उघडी होती, मला दिसत होती, मी का हललो, हलायला नको होतं, पहिला गोल तर शाळेतल्या पोरानं अडवला असता. मामा मागच्या सीटवर त्याच्या शेजारी बसून दर वाक्याला "गेनाऊ", म्हणजे "अगदी बरोबर", म्हणत होते. हा एकच शब्द ते इथं येऊन शिकले होते आणि तो कुठंही चालतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

रविवारी टॉर्स्टन परत आला. थोडा बारीक झाला होता, पण आला. अश्वजित पुन्हा बाकाच्या टोकाला बसला आणि भानगड तिथून सुरू झाली. त्याला बसवेना. तो मनानं गोलमध्ये उभा होता. टॉर्स्टन डावीकडे सरकला की हा बाकावर डावीकडे सरकायचा. दुसऱ्या भागात त्यांच्याच संघातला एक आडदांड बचावपटू दमून आत यायला वेगानं आला. अश्वजितची नजर गोलवर होती. दार बंदच राहिलं. तो माणूस दारावर असा आदळला की होल्गरच्या हातातली वही खाली पडली. प्रेक्षकांना वाटलं मारामारी झाली, ते खूश झाले.

मॅच संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत टॉर्स्टन त्याच्या शेजारी येऊन बसला. पायाच्या पट्ट्या सोडवत म्हणाला, "मी चार वर्षं दुसऱ्याच्या मागं बसलो. एक दिवसही आवडलं नाही. तू मात्र इतका खुशीत बसायचास की मला तुझी काळजी वाटायला लागली होती."

"आता नाही आवडत," अश्वजित म्हणाला.

"दिसलं. त्या बिचाऱ्याच्या नाकालाही दिसलं."

टॉर्स्टननंच त्याला सांगितलं, खालच्या लीगमधल्या एखाद्या लहान क्लबकडे जा, तिथं दर आठवड्याला उभा राहशील, गोल खाशील, खाऊन खाऊन शिकशील. अश्वजितनं दुसऱ्या दिवशी जाऊन होल्गरला ते स्वतः विचारलं. होल्गरनं हंगाम संपेपर्यंत थांब म्हणून सांगितलं, पण नाही म्हणाला नाही.

घरी मात्र विभावरी बिथरली. "इथं काय वाईट आहे? घर आहे, संघ आहे. तिथं कुठल्यातरी खेड्यात एकटा राहून काय करणार?"

"खेळणार," अश्वजित म्हणाला.

"अहो, तुम्ही तरी सांगा त्याला."

धम्मपालनं चष्मा पुसला. "जाऊ दे," तो म्हणाला. "तू त्याला तिथं उभं केलंस. आता तो उभा राहतोय."

विभावरीनं मग भावाकडे मोर्चा वळवला. सगळं तुझ्यामुळे झालं, दरवान-दरवान करून तूच त्याचं डोकं फिरवलंस. मामांनी लसूण सोलायला घेतला. फेब्रुवारीत ते परत गेले. विमानतळावर त्यांनी भाच्याला नावानं हाक मारली, "अश्वजित, जय भीम," आणि फार वेळ हात सोडला नाही.

पुढच्या सप्टेंबरात अश्वजित हार्त्सच्या डोंगरातल्या एका छोट्या गावच्या क्लबात गेला. तो तिथला पहिला गोलकीपर. खोली मिळाली एका बेकरीच्या वर. बेकरीवाल्या फ्राऊ झोम्मर सत्तरीच्या, क्लबच्या जन्मापासूनच्या सभासद. पहिल्या घरच्या मॅचला त्यानं सात गोल खाल्ले. सोमवारी सकाळी मान खाली घालून तो पाव घ्यायला उतरला. रांगेत पाच-सहा माणसं होती. फ्राऊ झोम्मरनी त्याला पाव दिला, आणि पिशवीवरचा हात न काढता म्हणाल्या, "चौथा गोल. तो का सोडला?"

"समोर माणूस उभा होता," अश्वजित म्हणाला.

"माणूस तर नेहमीच असतो."

मागचा म्हातारा म्हणाला, चौथा नाही, पाचवा, चौथ्यात त्याची चूक नव्हती. तिसऱ्या एका बाईंना दोन्हीत त्याचीच चूक दिसत होती. अश्वजितनं पिशवी काउंटरवर ठेवली, बाजूचे दोन गोल पाव ओढून त्यातला एक गोलरक्षक आणि एक आडवा आलेला माणूस म्हणून मांडला आणि चौथा गोल कसा झाला ते सगळ्यांना दाखवायला लागला. रांग दारापर्यंत गेली. कोणी घाई केली नाही.